मास्तरांनी लपवलेली काजं

मास्तर कोट शिवायचे आणि बायको त्यांची काजं करायची, हा बत्तीस वर्षांचा शिरस्ता. तिच्या हाताला बारीक कंप होता, लिथियमच्या गोळीमुळे आलेला. पण त्याच गोळीने मनाचे टोकाचे चढउतार आवरले होते, म्हणून दोघांनीही कधी कुरकुर केली नाही. कोपर टेबलावर टेकवलं की सुई सरळ चालायची.

गेल्या पंधरवड्यात मात्र काजं नागमोडी यायला लागली. तिला वाईट वाटू नये म्हणून मास्तर ती गुपचूप उसवून पुन्हा घालायचे.

"बघा, आहे का कुठे वाकडं?" दुसऱ्या दिवशी ती विचारायची.

"छे, मशीन लाजेल."

शनिवारी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. रविवारी उठली तर झोकांड्या जात होत्या, जीभ जड झाली होती. हात इतका हलत होता की पेला दातांवर आपटला.

"गोळीनेच वाट लावलीय. आजपासून कायमची बंद," ती म्हणाली.

"ते डॉक्टर ठरवतील," म्हणत मास्तरांनी घरातली सगळी औषधं पिशवीत कोंबली आणि तिला थेट इस्पितळात नेलं.

"हात कधीपासून एवढा हलतोय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कालपासूनच. परवाचं काज तर अगदी रेघ मारल्यासारखं."

मास्तरांनी घसा खाकरला. "ते माझं होतं. पंधरा दिवस मीच करतोय."



डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून गुडघेदुखीच्या गोळ्या काढल्या. तिने दुकानातून स्वतःच आणलेल्या, बरोबर पंधरा दिवसांपूर्वी. त्या गोळ्यांमुळे लिथियम शरीरात साठत गेलं, उलट्या-जुलाबांनी पाणी आटून ते आणखी चढलं. रक्तात ते हवं त्याच्या दुपटीहून जास्त निघालं. लिथियमची गोळी लगेच थांबवली, सलाइन लावलं.

पाचव्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मग आता सोडूनच देऊ?"

"आता थांबवली ती विषबाधा होती म्हणून. एरवी सोडायचीच असेल तर मिळून ठरवू. काही महिन्यांत हळूहळू कमी करायची. एकदम सोडली तर जुना आजार उसळतो."

तिने कमी मात्रेवर पुन्हा सुरू करायचं ठरवलं. आठवड्याने रक्त तपासायचं, आणि विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घ्यायची नाही.

घरी आल्यावर तिने एक काज घातलं आणि कोट पुढे सरकवला.

"खरं सांगा."

"मधे थोडं वाकडं आहे."

"आजारी पडले तेव्हापेक्षा?"

"त्यापेक्षा पुष्कळ कमी."

"असं बोलायचं," ती म्हणाली, आणि ते काज तिने स्वतःच उसवायला घेतलं.