साडूंच्या पडद्याचं तापमान

जी वस्तू वितळू शकते ती किती तापमानाला वितळते, हे ठाऊक नसताना जो माणूस ती तोंडात घालतो तो आंधळाच, असं आमच्या साडूंचं ठाम मत होतं; आणि त्या न्यायाने सत्तरच्या दशकात अख्ख्या पिंपरी-चिंचवडात डोळस असे ते एकटेच होते. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असायचा. आमच्याकडे जेवायला आले की भातावर तूप पडताच तो बाहेर निघे. माझी बायको, म्हणजे त्यांची मेव्हणी, कळवळून म्हणायची, "भावोजी, भात गार होतोय हो!" त्यावर साडू मान वर न करता, "होऊ द्या, तेच तर बघतोय." मोशीला एका लग्नात त्यांनी आचाऱ्याला जिलबीचा घाणा थांबवायला लावून कढईतल्या डालड्याची चौकशी केली होती, तेव्हा मुलीकडच्यांना ते सरकारी तपासनीस वाटले आणि त्यांच्या ताटात दोन जिलब्या जास्त पडल्या. तपकीर मात्र इतकी ओढायचे, की नाकाचा उपयोग चष्मा टेकवण्यापुरताच उरला होता. एकदा शेजारच्या शेगडीवर पातेलंभर दूध करपून कोळसा झालं, तरी हे तिथेच खुर्चीवर शांतपणे वाचत बसलेले.

आम्ही दोघं चिंचवडजवळच्या एका लहानशा औषध कंपनीत होतो. ते प्रयोगशाळेत, मी स्टोअरमध्ये. नोकरी सांभाळून त्यांनी सात वर्षं पीएचडीचा प्रबंध चालवला होता. विषय काय, तर शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक स्निग्ध, दुपदरी पडदा असतो. तो थंडीत ताठ असतो आणि ठरावीक ऊब मिळाली की सैल पडतो. त्या पडद्यात निरनिराळ्या लांबीची फॅटी ॲसिडं, म्हणजे तेलातुपातली आम्लं, मिसळली तर सैल पडण्याचं तापमान चढतं की उतरतं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. मला यातलं काही कळत नाही म्हणून एके दिवशी सकाळी कंपनीच्या बसच्या रांगेत त्यांनी उंच उंच चार जण शोधून खांद्याला खांदा लावून उभे केले. "हा झाला पडदा. आता यात लांब साखळीचं ॲसिड घुसवलं, तर तेही यांच्यासारखंच उंच, ओळ आणखी घट्ट, वितळायला जास्त ऊब लागणार. आणि आखूड साखळीचं घुसवलं तर..." असं म्हणून त्यांनी माझा दंड धरून मला मधे कोंबलं. मी पाच फूट दोन इंच. "बघा, डोक्यावर कशी फट पडली! ओळ ढिली. लवकर वितळणार." पडद्यातला एक जण कळवळून म्हणाला, "राव, पडदा ऱ्हाऊ द्या, बस निघाली!" बस खरंच गेली. मला मात्र आपल्याला विज्ञान कळलं असं वाटलं, आणि घात तिथेच झाला.

त्या पावसाळ्यात स्टोअरमधल्या झुरळांनी खळीच्या लोभाने बाटल्यांवरची लेबलं खाल्ली. साडूंनी प्रबंधासाठी तिथे ठेवलेल्या दोन बाटल्या, एक उंच, एक बुटकी, बिनलेबलाच्या झाल्या. दोन्हींत पांढरी भुकटी. एक लांब साखळीचं, एक आखूड. आता कुठली कुठली? एखादा शहाणा माणूस साडूंना विचारून आला असता. मी रांगेत उभा राहून शिकलेला. लांब साखळी उंच बाटलीतच ठेवली असणार, बुटकीत मावेल कशी, असा विचार करून मी सुवाच्य अक्षरात नवी लेबलं लिहिली आणि वर स्वतःची पाठ थोपटली.

हिवाळाभर साडू त्या बाटल्यांतून चिमूट चिमूट नेत राहिले, आणि यंत्रावरची रेघ उलटं सांगत राहिली. लांब ॲसिडाने पडदा लवकर सैल पडायचा, आखूड ॲसिडाने उशिरा. त्यांनी यंत्र उघडून पुसलं, पाणी बदललं, पडद्याचा माल बदलला, शेवटी स्वतःचे विचार बदलले. आमच्याकडे जेवायला आले तर तूप पडलं तसं कालवून खायचे. "साडूभाऊ, पडदा खोटं बोलत नाही," एकदा पानावरच म्हणाले, "सात वर्षं मीच चुकीचं समजत होतो." नोंदणीची मुदत मार्चअखेर संपायची होती. मुदतीआधीच त्यांनी प्रबंध मागे घेत असल्याचं पत्र विद्यापीठात देऊन टाकलं.

एप्रिलात स्टोअरचा पत्रा तापला. आमच्याकडे निघोजे गावचे एक म्हातारे हमाल होते, घरी शेळ्या राखणारे. दुपारी आत आले आणि दारातच थबकले. "सायेब, हितं बोकड बांदलाय व्हय?" वास घेत घेत ते उंच बाटलीपाशी गेले. "ह्यातनं येतुया. आन ह्याचं तर पानी झालंय!" माझ्या अक्षरातल्या 'लांब साखळी'चं पाणी झालं होतं. एवढ्याशा उन्हाने वितळणारं ते आखूडच असणार, हे कळायला मला रांगेत उभं राहावं लागलं नाही.

संध्याकाळी बाटली घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. "आखूड ॲसिडाला बोकडाचाच वास असतो," म्हणत त्यांनी बूच काढून नाकाला लावलं, अर्थात काही कळलं नाही, मग बाटली बायकोपुढे धरली. ताई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "शी! बोकड मेला!" साडू हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे पडदा बरोबर होता. आणि मीही." मला वाटलं होतं ते मला हाकलून देतील, त्यांनी चहा ठेवायला सांगितला. पुढच्या आठवड्यात त्यांनी खऱ्या बाटल्यांनी प्रयोग केला. रेघा त्यांनी सात वर्षं सांगितल्या होत्या तशाच आल्या. पण पत्र गेलं होतं, गाइड निवृत्त झाले होते, आणि पहिल्यापासून सुरू करायला साडूंना उमेद उरली नव्हती.

कुणी विचारलं, की ते सांगायचे, "कंटाळा आला, सोडून दिलं." कंपनीत तेच, नातेवाइकांत तेच. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही, ताईंनाही घेऊ दिलं नाही. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही त्यांचा विषय निघाला की माझी बायको पोळी वाढता वाढता म्हणते, "भावोजी हुशार होते हो, पण चिकाटी म्हणून नव्हती." आणि मी होकाराची मान हलवतो.