साळवे सर आणि मी लिहिलेलं पत्र

साळवे सर गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सकाळी डबा भरत होते. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती, त्यात मीही माझे दोन हात टाकले... आणि तव्यावरची पोळी जळेपर्यंत नुसती उभी राहिले. त्याला आता दीड महिना झाला. कॅम्पातल्या बाजारात, नाशिकरोडच्या बसमध्ये, पांढऱ्या शर्टातली कुठलीही पाठ दिसली की मी अजून तोंड चुकवते.

सर देवळाली कॅम्पात लष्कराच्या एका कचेरीत कारकून होते. जन्मभर इंग्रजी टिपणं लिहिली आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत आम्हा पोरांना फुकट शिकवत बसले. माझे वडील गवंडी. आमच्या घरात इंग्रजी यायची ती औषधाच्या बाटलीवरून. सरांचं वेड एकच, कचेरीच्या इंग्रजीतली मोठमोठी नामं. "आपण म्हणतो, 'नोकरी जाईल ही भीती'. आधी गोष्ट, मग तिचं नाव. साहेबाचं उलटं. आधी 'द फिअर', मग 'दॅट', मग गोष्ट. आगगाडीसारखा डब्याला डबा जोडायचा, पोरी. नुसती भीती लिहून थांबलीस तर वाचणारा विचारणार, कसली?" मग फॅक्ट, होप, बिलीफ, एकेकाला आम्ही डबे जोडत बसायचो. हसायचोही फार. त्याच इंग्रजीवर मी शिक्षिका झाले, पुढे विभागप्रमुख झाले, आणि संध्याकाळच्या वर्गासाठी सरांना मीच शाळेत आणलं.

तिथे माझं बिनसलं. मुलं त्यांच्या वर्गात दाटीवाटीने बसायची आणि माझ्या तासाला खिडकीबाहेर बघायची. एक मुलगी सहज म्हणून गेली, "मॅम, सरांकडे समजतं." ती बिचारी साधेपणाने बोलली, पण मला ते जिव्हारी लागलं. वर्षअखेरीला संस्थेच्या लोकांनी विचारलं, सरांचा वर्ग पुढे ठेवायचा का? मी नको म्हणाले. वर सरांना द्यायचं पत्रही मीच लिहून दिलं, सही मुख्याध्यापकांची. इंग्रजीत, 'द फीलिंग दॅट' लावून: सरांची पद्धत आता जुनी झाली आहे अशी भावना आहे, सबब वर्ग बंद करण्यात येत आहे. अगदी डब्याला डबा जोडून.

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूमच्या दाराशी आले. हातात तेच पत्र. "वाक्य चोख आहे," ते म्हणाले. मग पत्र माझ्यापुढे धरत... "ही भावना कोणाची, तेवढं लिहिलेलं नाही, मॅडम. या रचनेत लिहावं लागत नाही. मीच शिकवलंय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम म्हटलं. मी खाली बघत म्हणाले, "पालकांची असेल, सर." त्यांनी मान हलवली आणि गेले. त्यांना सगळं कळलं होतं. त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्या गल्लीतून जायचं टाळलं. लांबचा वळसा घेऊन घरी यायचे. माफी मागायला फार वेळ आहे असं वाटायचं.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धविहारात गेले. जुनी विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला उभं केलं. चांगलं बोलले मी, लोकांनी डोळे पुसले. माझी मलाच किळस येत होती. खाली उतरले तर सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, माझा हात धरला. "तुझ्यावर लय जीव होता गं त्यांचा. वर्ग बंद झाला तेव्हा मी चिडले होते, म्हटलं तुमची पोरगी तिथे असून असं कसं झालं? तर म्हणे, पालकांची कुरकुर होती, तिचा इलाज नव्हता."

माझं खोटं त्यांनी घरी नेलं होतं, आणि मला वाचवायला वापरलं होतं. मी हात सोडवून घेतला आणि घरी निघून आले. काकूंच्या घरी वर्तमानपत्राची ही पुरवणी येते, त्या चष्मा लावून ओळन्‌ओळ वाचतात, म्हणून इथे लिहिते आहे.

काकू, एकाही पालकाने कधी तक्रार केली नव्हती. मला सरांचा मत्सर वाटत होता. त्यांचा वर्ग मी बंद केला.