गडचिरोलीचा फोन

आज सकाळी आमचे जपानी साहेब सगळ्यांसमोर नंदापुढे कमरेत वाकले आणि मला भरून आलं.

चाकणच्या कारखान्यात नंदा आणि मी एक्स-रे यंत्रं जोडायचो. मग कंपनीनं यंत्रं बनवणं थांबवलं आणि विकलेली यंत्रं इंटरनेटवरून सांभाळायचं ठरवलं. नोकरीच्या धास्तीनं रडलेली नंदा जिद्दीनं कॉम्प्युटर शिकली. आज गडचिरोलीच्या दवाखान्यातलं बंद पडलेलं यंत्र तिनं इथे बसून सुरू केलं. "ताई, चाललं हो!" डॉक्टर फोनवर ओरडले.

इतकी वर्षं वाटायचं, आपलं कसब बोटांत आहे. ते तर बोटांच्या कितीतरी पुढे पोचलं होतं.

नंदा हसतच सुटली. "अगं, मी गडचिरोली कधी पाहिलं नाही, आणि आज तिथं काम करून आले!"