गेटवरची मेडलं

माझे वडील नोएडातल्या एका सोसायटीच्या गेटवर गार्ड होते आणि मी त्यांना जगातला सगळ्यात मोठा माणूस समजत होते. या दोन गोष्टींचं आपसात काही भांडण आहे असं मला कधी वाटलं नाही. भांडण लोकांच्या डोळ्यांत होतं.

अप्पा पलटणीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. दिल्ली कॅन्टच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो तेव्हा जवान त्यांना ‘साब’ म्हणायचे आणि मी त्यांच्यामागून अशी चालायचे की जणू अर्धा हुद्दा माझाच. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीचे सगळे आपापल्या गावी गेले. अप्पा गेले नाहीत. आमच्या साताऱ्याकडच्या गावात मुलगी दहावी झाली की तिचं लग्न व्हायचं, आणि अप्पांना मला शिकवायचं होतं. म्हणून नोएडाच्या सेक्टरांमध्ये अडकून पडलेल्या एका जुन्या खेड्यात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भोवती रोज नवी इमारत उठत होती आणि प्रत्येक इमारतीला गेट होतं, प्रत्येक गेटला माणूस हवा होता. देशात नवीन पैसा आला, असं पेपरात यायचं. आमच्या वाट्याला त्यातलं गेट आलं.

गार्डांच्या कंपनीनं अप्पांना निळा गणवेश दिला. खांद्यावर दोन चकचकीत स्टार, छातीवर शिट्टीची पांढरी दोरी. अप्पा आरशात बघून हसले. “आगं, बघ की, एका दिवसात मला अफसर केलं ह्यांनी!” आई म्हणाली, “नाटकातला राजा.” तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

खरी मेडलं ट्रंकेत होती, मऊ फडक्यात गुंडाळलेली. एक लढाईचं, एक बर्फातल्या चौकीचं आणि एक जखमेचं. जखम डाव्या मांडीत होती, थंडीत ती दुखायची आणि अप्पा किंचित पाय ओढायचे. मेडलं घासायचं काम माझं होतं. घासताना अप्पा शेजारी बसून सांगायचे की कुठलं कुठल्याच्या आधी लावायचं, आणि जे मिळालं नाही ते लावणाऱ्या एका हवालदाराला त्यांनी स्वतः साहेबांसमोर शिक्षेसाठी कसं उभं केलं होतं. ही गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा कडक व्हायचा. मला तो चेहरा फार आवडायचा.

कारगिलची लढाई टीव्हीवर दिसायला लागली आणि सोसायटीला अचानक फौजी आवडायला लागले. इतकी वर्षं “ऐ गार्ड, गेट खोल” म्हणणाऱ्यांना कळलं की आपल्याकडेही एक आहे, तोही जखमी. पंधरा ऑगस्टला सेक्रेटरीसाहेबांनी अप्पांना स्टेजवर बोलावलं. अप्पांनी जुना कोट काढला, मी मेडलं घासून दिली, आईनं कोटाला इस्त्री केली. सत्कार झाला, शाल मिळाली, “हमारे अपने हीरो” असं माइकवरून झालं. मी पहिल्या रांगेच्या मागं उभी राहून रडले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला ती सगळी माणसं चांगली वाटली.

लाडू खाता खाता सेक्रेटरी म्हणाले, “भाई साहब, ये मेडल रोज़ पहनिए गेट पर. सोसाइटी की शान बढ़ेगी.”

अप्पांना वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. दोन दिवसांनी परत विचारलं, मग कंपनीच्या सुपरवायझरकडून सांगणं आलं. ही मेडलं या गणवेशावर लावायची नसतात, हे अप्पांना सांगता आलं असतं. पण चोवीस वर्षं ज्याला वरच्याला ‘नाही’ म्हणायची सवय नाही, त्याला ते कसं जमणार? त्यांनी भलतंच सांगितलं. म्हणाले, “वो तो भगवान को चढ़ा दिए, साहब.”

आमच्याकडे देवाला वाहिलेली वस्तू कुणी परत मागत नाही. सेक्रेटरींनीही विषय सोडून दिला. पण अप्पा घरी आले ते काळवंडून. जेवताना म्हणाले, “देवाच्या नावानं खोटं बोललो. आता ते खरं करायला पाहिजे.”

आई चिडली. मी तर भांडलेच. ती मेडलं माझी होती, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. अप्पा ऐकतात थोडेच! दसऱ्याला रजा टाकून ते गावी गेले आणि तिन्ही मेडलं भैरोबाला वाहून आले. गुरवानं ती देवाच्या प्रभावळीला बांधली म्हणे. परतल्यावर अप्पांचा जीव हलका झाला होता, चार घास जास्त जेवले.

सेक्रेटरींना मात्र चैन नव्हतं. दिवाळी आली होती, सोसायटीत पाहुणे येणार होते. त्यांनी शाळेच्या फॅन्सी ड्रेसचे कपडे मिळतात तिथून मेडलांची एक पट्टी आणली. रंगीत रिबिनी, सोनेरी पत्रे, एकूण सात की आठ. “अब तो कोई बहाना नहीं,” म्हणत स्वतःच्या हातानं अप्पांच्या छातीवर टाचली.

आणि अप्पांनी ती लावू दिली. मी डब्बा घेऊन गेले तर गेटवर ते तसे उभे. मी म्हटलं, “अप्पा, हे काय?”

“अगं, खेळण्यातलं आहे ते. खांद्यावरचे स्टार तरी कुठं खरे आहेत? सोंग तर सोंग. खरं जाग्यावर गेलं, आता हे काही का बांधेनात.”

त्यांच्या हिशेबानं त्यांनी देवही राखला होता आणि नोकरीही. मला ते पटलं नव्हतं, पण त्यांची समजूत इतकी स्वच्छ होती की वाद घालता येईना.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी डब्बा घेऊन गेटवर पोचले तेव्हा एक गाडी थांबलेली होती. बी ब्लॉकमधल्या कुणाचा तरी जावई, फौजेत मेजर, साध्या कपड्यांत. तो गाडीतून उतरून अप्पांच्या छातीकडे बघत होता. सेक्रेटरी मिठाईचे डबे घेऊन तिथंच होते.

“ये वीरता वाला कब मिला?” पट्टीतल्या शौर्यपदकासारख्या दिसणाऱ्या एकाकडे बोट करून मेजरनं विचारलं.

अप्पा सावधानमध्ये आले. “नहीं मिला, सर.”

“तो पहना कैसे?”

अप्पांनी सेक्रेटरींकडे नजर वळवली. “इन्होंने दिए हैं, सर.”

सेक्रेटरी हसले. “मैं क्या मेडल बाँटता हूँ? हमें तो ये बोला, मैं फौजी हूँ. हमने मान लिया.”

आजूबाजूचे चार लोक हसले. मी पुढे झाले. सांगितलं की यांना तीन खरी मिळालीत, स्टेजवर सगळ्यांनी पाहिलीत. मेजर म्हणाला, “ठीक है, दिखाओ.” मी म्हणाले, “गाँव में हैं, मंदिर में.” यावर सेक्रेटरी म्हणाले, “लो, भगवान के पास हैं!” आणि आता सगळेच हसले. पंधरा ऑगस्टला टाळ्या वाजवणारेही त्यात होते. एकालाही काही आठवत नव्हतं.

मेजरनं ती पट्टी अप्पांच्या छातीवरून ओढून काढली. खिसा फाटला. अप्पांनी त्याला कडक सॅल्यूट केला. त्यानं तो घेतला नाही, गाडीत बसला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी कंपनीनं गणवेश परत मागितला.

मी घरी थयथयाट केला. म्हटलं, ट्रंकेतले डिस्चार्जचे कागद काढा, त्या मेजरच्या तोंडावर मारा. नाहीतर गावी जाऊ, देवाकडून मेडलं आणू, गुरवाला मी सांगते. अप्पा खाटेवर पाय चोळत बसले होते.

“देवाला दिलेलं परत आणायचं? आणि दाखवायचं कुणाला, त्या मिठाईवाल्याला?”

“मग मेजरला तरी दाखवा!”

“मेजरसाब बरोबर होते,” ते म्हणाले. “न मिळालेलं लावलं होतं मी. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.”

आणि त्यांचा चेहरा कडक झाला. तोच, मला आवडणारा. त्या संध्याकाळी मला तो सोसला नाही. ज्यांनी त्यांना सोंग दिलं ते सगळे सुटले, आणि माझ्या बापानं मात्र स्वतःवर नियम लावून स्वतःला शिक्षा करून घेतली. असल्या माणसाचा अभिमान बाळगणं फार महागात पडतं. तो आपल्याला सूड घेऊ देत नाही. मी आजही त्या सोसायटीवरून जाताना शिव्या देते, मनातल्या मनात आणि मराठीत, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष बाकी होतं, म्हणून जानेवारीत अप्पांनी दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका नव्या सोसायटीत नोकरी बघितली. मीही सोबत गेले होते. मॅनेजर चांगला होता. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, अप्पांची ताठ पाठ न्याहाळली.

“फौज में थे क्या, अंकल? फौजी को हम पाँच सौ ज़्यादा देते हैं.”

मी तोंड उघडलं. अप्पांनी टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला.

“नहीं जी,” ते म्हणाले. “खेती करता था.”