तळातलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्याबद्दलचं बरंचसं न सांगताच कळतं.

सारी नोकरी मी रत्नागिरीत भूगर्भशास्त्र शिकवलं. निवृत्तीच्या थोडं आधी राज्याचा दीर्घकालीन जल आराखडा तयार होत होता आणि किनारपट्टीसाठी नेमलेल्या समितीत मी होतो. समिती म्हणजे शाल, नारळ, आणि पाणीटंचाईवर बोलताना प्रत्येकासमोर एक सीलबंद बाटली. नदी समुद्राला मिळते, याला त्या बैठकांत 'पाणी वाया जाणं' म्हणत. मी मनात हसायचो. हसणाऱ्याला वाटतं, आपण यातले नाही. मग मी तिथे बसलो होतो कशाला?

समुद्राकाठच्या एका गावातली विहीर 'प्रातिनिधिक' ठरली होती. म्हणजे तिचं पाणी जसं, तसंच आसपासच्या साऱ्या गावांचं धरायचं. विहीर मालतीकाकींची. मुलगे मुंबईला, नारळी-पोफळीची बाग त्या एकट्याच सांभाळत. मी नमुन्याची बाटली दोरीने सोडली. ती वरच्या वरच भरली. काकी कठड्याला टेकून बघत होत्या.

"वरचं काय काढताय सर? वरचं गोडंच लागणार. तळातलं काढा. महिना झाला, डाळ शिजत नाय माझी."

"दुकानदार बदला काकी," मी म्हणालो. सोबतचे समितीवाले सगळे हसले. त्याही हसल्या.

त्यांचं बरोबर होतं. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं — हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवत आलो होतो. पण दोरी आखूड होती, गाडी सुरू होती, आणि विश्रामगृहावर सुरमई तळायला घेतली होती. एवढंच असतं तर त्याला आळस म्हटलं असतं. आळसाची कबुली द्यायला कोण बसतं?

काही महिन्यांनी काकी एसटीने रत्नागिरीला आल्या. पिशवीत एक बाटली. बुडाला दगड बांधून, तोंडाला बूच लावून त्यांनी ती तळापर्यंत सोडली होती आणि दुसऱ्या दोरीने बूच ओढून तिथलं पाणी भरलं होतं. माझ्या साऱ्या पदव्यांना जे सुचलं नव्हतं, ते.

"आता हे बघा," त्या म्हणाल्या. "पर्यटकांच्या बंगल्यांना बोअर मारायच्या चालल्यात. ग्रामसभा आहे. तुम्ही सांगाल तसं मी उठून बोलेन."

त्याच दुपारी मी पाणी तपासलं. खारं. शंकेला जागाच नव्हती. समुद्र खालून आत आला होता — आणि उपसा वाढला की तो वर चढणार, हे कळायला समिती लागत नाही.

पण अहवाल छापखान्यात गेला होता. 'या पट्ट्यात गोडं भूजल मुबलक; नव्या विंधन विहिरींना वाव.' वाक्य माझंच. प्रकाशनाला मंत्री यायचे होते, मंचावर मला खुर्ची होती. अशा खुर्च्यांची मी जन्मभर टिंगल केली. आणि तरी — तीच हवी होती, नाही का? एक पत्र लिहायचं होतं. नमुना चुकीचा घेतला, एवढंच. लिहिलं नाही. बाटली बेसिनमध्ये रिकामी केली आणि वर नळ सोडला.

दोन दिवसांनी काकींचा फोन. "काय निघालं सर?"

"पाणी चांगलं आहे," मी म्हणालो.

खोटं बोललो ते एवढंच. तीन शब्द.

ग्रामसभेत काकींनी उठून सांगितलं — सरांनी तपासलंय, घाबरू नका. विरोध करणारे खाली बसले. बोअर झाल्या.

खारं पाणी आवाज करत नाही. विहिरीत वाकून पाहा — पाणी तेवढंच दिसतं, नितळसुद्धा. माडांचे शेंडे मात्र करपू लागतात. आराखडा दीर्घकालीन आहे, हा त्याचा गुण. माझं वाक्य अहवालातून त्यात तसंच उतरलं आहे, पुढच्या योजना त्याच्यावर बेतल्या जातायत. बोअरची गाडी आता शेजारच्या गावांत फिरते आहे. तिथल्या विहिरींत तर कुणी वरवरसुद्धा बाटली सोडलेली नाही.

गेल्या मे महिन्यात मी त्या गावात गेलो. टँकर आला होता. रांगेत काकी, कमरेवर रिकामी कळशी. मागून एकजण मोठ्याने म्हणाला, "हेच ना ते चांगल्या पाण्याचे सर? या, आमच्यात उभे राहा!"

"गप रे," काकी त्याच्यावर ओरडल्या. "सरांचं काय चुकलं? तेव्हा चांगलंच होतं पाणी. बिघडलं ते नंतर. हो की नाय, सर?"

सगळी रांग माझ्याकडे बघत होती.

मी हो म्हणालो.