कल्पनाच्या शेगडीचा लायटर

कुसुमावतीबाईंच्या दशम्यांशिवाय दिल्लीच्या मयूर विहारातल्या मराठी मंडळींची सहल सोसायटीच्या फाटकाबाहेर पडत नसे. मथुरा असो की हरिद्वार, अठरा वर्षं हा मान त्यांचाच. दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणीची चटणी, मुरलेलं लोणचं. बाई स्वतः सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खात आणि म्हणत, "माझं काय, मी कशीही जेवते." हे म्हणण्यातही एक तोरा होता, आणि तो त्या दुसऱ्या कुणाला मिरवू देत नसत.

मग खाजगीकरणाचं वारं सुटलं. बाईंची मैत्रीण कल्पना, तिच्या नवऱ्यानं, गुणवंतनं, सरकारी कंपनीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि आलेल्या पैशांतून जुनी मॅटाडोर विकत घेतली. गाझियाबादच्या एका वर्कशॉपनं तिची कॅरव्हॅन करून दिली. झोपायला फळ्या, हात धुवायला बेसिन आणि दोन बर्नरची गॅसची शेगडी. फळ्या आणि बेसिन बाईंनी माफ केलं. शेगडी मात्र डोळ्यांत खुपली. जिथं प्रवासात गरम स्वयंपाक होणार, तिथं दशम्यांना कोण विचारणार?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोन्ही जोडपी राजस्थानातल्या अलवरच्या वाटेला लागली. डबा अर्थातच बाईंच्या मांडीवर. गुडगावच्या अर्धवट इमारती मागे पडल्या, सोहना गेलं, आणि पुढे रस्ता असा मोकळा झाला की समोरून एखादी उंटगाडी आली तरी गुणवंत तिला हात करायचा. दोन्ही बाजूंना सरसों, आपली मोहरी, पिवळीधमक फुलली होती. बाईंचं लक्ष शेगडीवर होतं.

वाटेत गाडी थांबवून कल्पनानं आलं घालून चहा केला. बाईंचे यजमान सूर्यकांत घोट घेऊन म्हणाले, "वहिनी, बिल्कुल फर्स्ट क्लास!" सव्वीस वर्षांच्या संसारात बाईंच्या चहाला हे शब्द कधी मिळाले नव्हते. जुनी मॅटाडोर आणि म्हणे कॅरव्हॅन! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं त्या मनात म्हणाल्या. पण चहा खरंच चांगला झाला होता, आणि त्याचाच जास्त राग आला.

तेवढ्यात कल्पना म्हणाली, "दुपारी मी करणार आहे हां जेवायला. डबा राहू दे आज, कुसुम."

डबा राहू दे! एवढं बोलून ती फोटो काढायला शेतात उतरली, पुरुषही मागोमाग गेले. लायटर शेगडीशेजारीच पडला होता. बाईंनी तो उचलून पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढली.

नूहच्या पुढे एका कडुनिंबाखाली गाडी लागली. कल्पनानं कप्पे उपसले, गाद्या झटकल्या. "आत्ता तर इथंच होता, यार." सिगारेट सोडून दोन वर्षं झाल्यामुळे सूर्यकांतांकडे काडेपेटी नव्हती. ते म्हणाले, "मागे टपरी होती. जाऊन आणू?"

"दोन-तीन कोस मागे जाणार? दशम्या आहेत की," बाई म्हणाल्या.

गुणवंतनं चार खाल्ल्या. सूर्यकांतांनी चटणी दोनदा मागितली. जिंकल्या म्हणायच्या बाई. फक्त कल्पना एकच दशमी चिवडत बसली आणि म्हणाली, "आजचा सगळा बेतच फिसकटला." बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुपारी उशिरा तळ्याकाठी गाडी थांबली. बाकीचे पाण्याकडे गेले तसा बाईंनी लायटर मुकाट्यानं परत ठेवायला शेगडीखालचा कप्पा उघडला. आत धुतलेले तांदूळ, हिंग-तिखट लावलेला डाळीचा भरडा, आणि कल्पनाच्या तिरप्या अक्षरातली चिठ्ठी:

"गोळाभात. कुसुमच्या वर्ध्याच्या ताईंना फोनवर विचारून. भरडा जाडसरच. फोडणी आयत्या वेळी, कडकडीत. कुसुमला सगळ्यांत आधी वाढायचं. तिला कधी गरम खाताना पाहिलंच नाही."

भरड्याचे गोळे भातातच वाफवायचे आणि वर फोडणी; असा गोळाभात डब्यात घालून नेता येत नाही. निवला की संपला. सूर्यकांतांना आवडत नाही म्हणून तो बाईंच्या घरी कधी झालाच नव्हता. वर्ध्याचं माहेर सुटलं तसा तोही सुटला होता.

बाई लायटर घेऊन तळ्यापर्यंत चालत गेल्या. "हा माझ्याच पर्समध्ये होता. मीच घेतला होता."

"का गं?"

"हेवा वाटला तुझा. सकाळपासून वाटतोय."

पुरुष पाण्याकडे तोंड करून उभे होते. कल्पनानं लायटर घेतला. "चल आत. आणि कशाला हात लावायचा नाही. नुसतं बसायचं."

साडेचारला, कुणालाच भूक नसताना, मॅटाडोरमध्ये भात शिजला. पहिलं ताट बाईंसमोर आलं. वरून फोडणी चुरचुरली. बाईंनी घास तोंडात घातला आणि जीभ चांगलीच पोळली. गरम घास फुंकायची सवयच राहिली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

गोळे मऊ झाले होते, आईच्या हातचे व्हायचे तसे. इतके मऊ आपल्याला जमले नसते, हे बाईंना पहिल्याच घासाला कळलं, आणि पोटात पुन्हा थोडं दुखलं. तरी त्यांनी ताट पुढे केलं.

"अजून वाढ," त्या म्हणाल्या.