कलचाचणीनंतरचं वर्ष

आमच्या साक्रीच्या शाळेत दहावीच्या मुलांची कलचाचणी घ्यायला धुळ्याहून एक मार्गदर्शक साहेब आले होते. भाऊ माझ्याहून वर्षाने मोठा. तो आठवीत नापास झाल्यामुळे आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. आमचे वडील, आबा, एसटीत कंडक्टर. भावाला डॉक्टर करायचं त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. माझ्याबद्दल कुणी काही ठरवलेलं नव्हतं.

चाचणीत आकड्यांची कोडी होती, ठोकळ्यांची चित्रं होती. पुढच्या आठवड्यात साहेबांनी पालकांना बोलावलं. आबा ड्यूटीवरून तसेच, खाकी कपड्यांत आले. साहेब शांतपणे म्हणाले, "मुलीला सायन्सला घाला. मुलाचा हात चांगला आहे, आयटीआयला पाठवा. डॉक्टरकी त्याला झेपणार नाही."

"बहीणले झेपी, आन् याले नही?" आबांनी विचारलं. विचारत होते साहेबांना, पण बघत होते भावाकडे. भाऊ मान खाली घालून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. मी जेवायला बसले की तो ताट उचलून बाहेर ओट्यावर जायचा. आई म्हणायची, "तिनी तुनं काय बिघाडं रे?" तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आबा मला काही बोलत नसत, त्यालाही नाही. अभ्यासाला पुस्तक उघडलं की मला त्याचं काहीतरी चोरल्यासारखं वाटायचं.

दहावीनंतर मी धुळ्यात कॉलेजच्या हॉस्टेलवर गेले, तो तिथल्याच आयटीआयमध्ये फिटरच्या कोर्सला. एकाच गावात राहूनही आम्ही कधी भेटलो नाही. दिवाळीच्या सुट्टीत साक्रीच्या गाडीत चढले, तर तो खिडकीशी बसलेला. गाडी खच्चून भरलेली, फक्त त्याच्या शेजारची जागा मोकळी. तो सरकला.

वाटेतलं नेर मागे पडल्यावर मी धीर केला. "भाऊ, आयटीआय कसं चाललंय?"

"बरं शे. मशीनवर हात बसी गया मना."

 मग बाहेर बघतच म्हणाला, "साहेब बोलना ते खरंच व्हतं. पण त्यानी ते आबासमोर बोलाले नको व्हतं."

 साक्रीला त्याने माझी बॅग खाली काढून दिली, आणि न थांबता एकटाच घराकडे निघाला.